बंडी परत केली त्यानंतर

बंडी, म्हणजे आमची बैलगाडी, शेटजीच्या दारात सोडली त्या सकाळी बानं मला मुद्दाम वणीच्या बोर्डिंगमधून बोलावून घेतलं होतं. माझा मॅट्रिकचा निकाल नुकताच लागला होता. आमच्या नात्यागोत्यात मॅट्रिक झालेला दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे कागदाचं काम निघालं की मला हाक मारायची, असं तेव्हापासूनच ठरून गेलं. पण त्या सकाळी कागदाचं काही काम निघालं नाही. निदान बाला तसं वाटलं. मला काय वाटलं होतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमचे लोक जात्यांना आणि पाट्यांना टाकी लावत. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही. मग छिन्नी-हातोडीनं दगडाच्या तोंडावर बारीक बारीक घाव घालून ते पुन्हा खरखरीत करावं लागतं. बा हे काम करायचा. माय बंडीसोबत गल्लीगल्लीतून ओरडत जायची, "जात्याले टाकीऽ, पाट्याले टाकीऽ". एका जात्यामागे सुपातली जवारी मिळायची, कुठं भाकरी, कुठं जुनं लुगडं. गाव झालं की पुढचं गाव.

बंडी हेच आमचं घर होतं. बोरूच्या ताट्यांचं कमानीसारखं छप्पर, आत दोन गोधड्या, एक पत्र्याची पेटी, आढ्याला टांगलेला कंदील. चुलीचे तीन दगड बंडीखाली जाळीत बांधलेले असत. मायचं म्हणणं, दगड कुठंही मिळतात खरे, पण ओळखीच्या दगडावर भाकर नीट भाजते. माझी धाकटी बहीण मुकुटबनच्या पुढं एका ओढ्याकाठी बंडीतच जन्मली. मी मात्र सात वर्षांचा झाल्यापासून बंडीत फक्त सुट्ट्यांत राहिलो. एका मास्तरांनी बाला गाठून मला बोर्डिंगात घातलं होतं. सुट्टी लागली की बंडी कुठं असेल ते बाजारात विचारत विचारत मी घर शोधायचो. घर कधी पाटणला सापडायचं, कधी कळंबला, चिंतामणीच्या देवळामागं.

जुनी बंडी छप्पन साली मोडली. एक बैल म्हातारा झाला होता. त्याच सुमारास मोठ्या गावांत इंजिनाच्या चक्क्या लागायला लागल्या. बाया डोक्यावर टोपली घेऊन चक्कीवर जाऊ लागल्या आणि घरातली जाती कोपऱ्यात गेली. बानं यावर बराच विचार केला. त्याचा हिशेब असा, की चक्की जाईल तिथवर सडक असते. सडक संपते त्याच्या पलीकडं, झरीकडच्या जंगलात, कोलामांच्या पोडांत, त्यांच्या वस्त्यांत, जाती फिरतच राहणार. तिथवर जायला मजबूत बंडी आणि तरणी जोडी पाहिजे. म्हणून त्यानं वणीच्या शेटजीकडून पैसे घेतले, कर्जाच्या चिठ्ठीवर सरकारी तिकीट लावून अंगठा दिला आणि नवी बंडी आणि जोडी घेतली. त्याचा विचार चुकीचा नव्हता. फक्त पोडांतल्या लोकांकडं दळायलाच फार काही नव्हतं.

तीन-चार वर्षं त्यानं जमेल तसं फेडलं. मग एका उन्हाळ्यात ठरवलं, की ज्याची वस्तू त्याला द्यावी आणि मोकळं व्हावं.

त्या सकाळी शेटजी दुकानाच्या गादीवर बसले होते. त्यांच्या शेजारी मुनीमजी. बा पायरीखाली उभा. माय बंडीजवळ, धाकटीला कडेवर घेऊन. मी बाच्या मागं.

"शेटजी, जोडी घ्या, बंडी घ्या," बा म्हणाला. "माह्याच्यानं आता होत नाई."

"अरे, इतकी काय घाई करून राह्यला तू?" शेटजी म्हणाले. "आणखी एक साल पाह्य."

"दोन साल पाह्यले. बैलाईले ढेप भेटत नाई, पोराईले जवारी भेटत नाई. कोनाले उपाशी ठेवू, तुमीच सांगा."

शेटजी हसले. माणूस वाईट नव्हता. बोलायला तर गोडच होता. मुनीमजी खाली उतरले, बंडीला एक चक्कर मारली, चाकाला चपलेनं दोन लाथा मारून पाहिल्या आणि म्हणाले, "हे छप्पर कोन घेईन? बंडी घेनारा कापूस भरन, संसार नाई."

"छप्पर आमी नेतो," माय म्हणाली. "राह्याले कामी येईन."

ताट्या सोडायला अर्धा तास लागला. सोडलेली बंडी इतकी लहान दिसली, की यात आपण चौघं मावत होतो हे मला खरं वाटेना.

मग बानं बंडीतल्या कडब्यातून एक काडी उपसली.

आमच्या लोकांत भांडण मिटवायची एक रीत आहे. लग्न मोडो, वाटणी होवो, उसनं फिटो, दोघांनी एका काडीची दोन टोकं धरायची आणि पंचांसमोर मोडायची. "आता तुह्यं तुह्यापाशी, माह्यं माह्यापाशी," असं म्हणून आपला तुकडा खांद्यावरून मागं टाकायचा, वळून बघायचं नाही. त्यानंतर तो विषय जो उकरून काढेल त्याला पंच दंड करतात आणि सगळ्यांना जेवण घालायला लावतात. बा स्वतः कित्येकांच्या काड्यांना मधे उभा राहिलेला माणूस. त्याला लांबून बोलावणी यायची. जमातीत त्याला जो काही मान होता तो याचाच होता. त्याच्यासमोर मोडलेली काडी कोणी जोडली असं झालं नव्हतं.

"शेटजी, धरा," बा म्हणाला.

शेटजींनी मुनीमजींकडं पाहिलं. मग दोन बोटांत काडीचं टोक धरलं. काडी मोडली. बानं वाक्य म्हटलं, तुकडा मागं टाकला. शेटजींना आपल्या तुकड्याचं काय करावं ते कळेना, त्यांनी तो मुनीमजींकडं दिला. मुनीमजींनी त्यानं कान कोरला.

माझ्या वर्गातली दोन पोरं त्याच वेळी सायकलवरून दुकानासमोरून गेली. त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच वाटत होतं, की हे लवकर संपावं आणि आपण इथून निघावं. बाचा अंगठा असलेली चिठ्ठी आत पेटीत आहे, हे मला ठाऊक होतं. चिठ्ठी परत घ्यायची असते किंवा समोर फाडून घ्यायची असते, हेही ठाऊक होतं. बोर्डिंगच्या सुपरिंटेंडेंटनी आम्हाला अशा गोष्टी सांगितल्या होत्या. "शेटजी, चिठ्ठी परत द्या." एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायचं तर आणखी थोडा वेळ त्या पायरीखाली, त्या काडीच्या तुकड्यांजवळ, उभं राहावं लागलं असतं. मी म्हणालो नाही.

बा खूश होता. बाजारात त्यानं आम्हाला भजी घेऊन दिली. "सुटलो," तो मायला म्हणाला. "कोनाचं काई नाई आपल्यावर."

माय म्हणाली, "आपलंबी काई नाई आपल्यावर." आणि डोक्यावरच्या ताट्यांकडं बोट दाखवून हसली. तेव्हा ती हसू शकत होती.

मग राजूर. तिथं खाणी होत्या आणि चुन्याच्या भट्ट्या. बाला भट्टीवर दगड फोडायचं काम लागलं. दगडाला हळूहळू तोंड करून देणारा माणूस आता घणानं दगडाचे तुकडे करू लागला. पहिल्या आठवड्यात मी विचारलं तेव्हा म्हणाला, "इथं दगड नीट फुटला का वाकडा, कोनी पाहत नाई." ही तक्रार होती की आराम, मला कळलं नाही. ताट्यांची झोपडी उभी राहिली. मायनं पेटीतलं सामान वर्षभर बाहेर लावलं नाही, गोधड्याही रोज बांधून ठेवायची. शेजारणीनं विचारलं, "कुठं जाऊन राह्यल्या वं तुमी?" तर म्हणाली, "कुठंच नाई बाई. हात ऐकत नाई."

मी यवतमाळला कॉलेजात गेलो. सरकारी शिष्यवृत्ती होती. दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. मुनीमजींचं अक्षर. बंडी व जोडी विकून पूर्ण पैसे आले नाहीत, तुमच्या वडिलांच्या खात्यावर व्याजासह दोनशे साठ रुपये बाकी निघते, त्यांना निरोप दिला तर ते येत नाहीत, आपण सुशिक्षित आहात तरी एकदा येऊन जावे. 'आपण सुशिक्षित आहात' हे मी दोन-तीनदा वाचलं. लाज वाटते सांगायला, पण मला ते बरं वाटलं होतं.

मी आधी राजूरला गेलो. बा भट्टीवरून आला होता, पाय धुत होता. मी कार्डाचं सांगितलं. त्यानं पाय धुणं थांबवलं नाही.

"काडी मोडली," तो म्हणाला.

"बा, बंडी आणि जोडी विकून पूर्ण पैसे आले नाहीत म्हणतात. व्याज धरून अजून दोनशे साठ निघतात."

"काडी मोडली ना पोरा. तू व्हता तिथं."

"होतो."

"त्यानं धरली व्हती का नाई?"

"धरली होती."

"मंग?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला चिठ्ठीबद्दल काही समजावून सांगता येईना. म्हणजे शब्द होते, पण ते त्याच्यापुढं उभे राहत नव्हते. शेवटी तोच म्हणाला, "त्यानं मोडलेली काडी उकरली. दंड त्याच्यावर बसते. मी पंचाईले नेतो त्याच्या दारात."

मला वाटलं, रागात बोलतो आहे. पण पुढच्या रविवारी खरंच दोन पंच आले. एक आमच्या मायचे दूरचे मामा, ऐंशीच्या घरातले, कानानं कमी. दुसरे त्यांच्याहून तरुण, अबोल. दोघांनी धुतलेले पटके बांधले होते. बानंही बांधला होता. राजूरहून वणीपर्यंत आम्ही पायी गेलो. मामा वाटेत मला म्हणाले, "तू साक्षीदार. डरायचं काम नाई. पाह्यलं ते सांगजो."

"हो, मामा."

"शिकलेला साक्षीदार पयल्यांदाच भेटून राह्यला आमाले," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बा पुढं चालत होता. त्याची मान ताठ होती. टाकीचं काम सोडल्यापासून त्याला असं चालताना मी पाहिलं नव्हतं.

शेटजींनी सगळ्यांना वर गादीजवळ बसवलं. चहा मागवला. ही गोष्ट मी विसरू शकत नाही, कारण पायरीखाली उभं केलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

मामांनी चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "शेटजी, याची तुमच्यावर तक्रार हाय. मोडलेली काडी तुमी उकरली. आमच्यात याले दंड हाय."

शेटजींना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. "काडी? कोनती काडी, बाबाजी?"

"बंडी देली तवाची. तुमी धरली व्हती."

"असेल. कोनी हातात काई देलं तर मानूस धरते." ते मुनीमजींकडं वळले. "मुनीमजी, तुमच्या ध्यानात हाय का?"

"मले कान कोरल्याचं ध्यानात हाय," मुनीमजी म्हणाले. दुकानातला नोकर फिदीफिदी हसला. मामांना ऐकू आलं नाही, त्यांनी साक्षीदार म्हणून मलाच विचारलं, "तू सांग पोरा. शेटजीनं काडी धरली का नाई?"

"धरली," मी म्हणालो.

"मोडली?"

"मोडली."

मामांनी मान डोलावली. बानं पहिल्यांदा शेटजींच्या डोळ्याला डोळा भिडवला. तेवढा क्षण तो जिंकला होता.

शेटजींनी मुनीमजींना खूण केली. पेटीतून चिठ्ठी निघाली. त्यांनी ती बापुढं नाही, पंचांपुढं नाही, माझ्यापुढं धरली. वर तिकीट होतं, तिकिटावर निळसर काळा अंगठा.

"हा अंगठा तुह्या बापाचा?"

"हो."

"बाबू, तू कॉलेजात शिकून राह्यला. मी काई म्हनत नाई. तूच या दोघाईले सांग. हा कागद खरा का ते काडी खरी? तू म्हनशीन ते मले कबूल."

सगळे माझ्याकडं बघत होते. मामा कानाला हात लावून पुढं झुकले. मला आजही सांगता येणार नाही की मी खोटं टाळत होतो, की शेटजींसमोर अडाणी ठरायला भीत होतो. कॉलेजात मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच होती. बाकीचे बोलत असताना आपण काहीतरी चुकीचं बोलू आणि सगळे वळून बघतील, ही भीती. माझ्या मनात खरोखर असं होतं, की न्यायानं बघितलं तर कागदच चालतो. कोर्टात काडी चालत नाही. हे सांगणं माझं काम आहे, बाच्या भल्याचंही आहे.

मी म्हणालो, "कागद."

"जोरानं सांग. बाबाजीले ऐकू येत नाई."

"कागद खरा आहे," मी मोठ्यानं म्हणालो.

मामा हळूच मागं झाले. मग तो दुसरा पंच, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, बाला म्हणाला, "तुह्याच पोरानं सांगतलं गा." त्यात टोमणा नव्हता. त्याला नुसतं वाईट वाटलं होतं.

बानं पटका काढून मांडीवर ठेवला.

पुढचं पटकन झालं. मला ते पटकन व्हायला हवं होतं. मी शेटजींना म्हणालो की वडिलांकडून आता काही मागू नका, बाकी मी फेडीन. शेटजी म्हणाले, "शाबास. शिकल्याचा हाच तर फायदा." यापुढं व्याज धरणार नाही, म्हणाले. जुनी चिठ्ठी त्यांनी सगळ्यांसमोर फाडली. मुनीमजींनी माझ्या नावानं नवी लिहिली, तिकीट लावलं, दौत माझ्याकडं सरकवली. मी सही केली. आमच्या घराण्यातली कागदावरची ती पहिली सही असेल. मी ती सही चांगली वळणदार केली, हेही मला आठवतं.

परतताना बा पंचांसोबत मागं राहिला. आमच्या रीतीप्रमाणं ज्याची तक्रार खोटी ठरते त्याच्यावर दंड बसतो. मामांनी दंड कमी केला, पण माफ करता येत नव्हता, याआधी कोणालाच केला नव्हता म्हणून. पंचांचं जेवण झालं. मायनं कोंबडी कापली. घरात तेवढी एकच होती. मी पंचांच्या पंगतीत बसलो नाही, मायनंही बस म्हटलं नाही. जेवून झाल्यावर मामा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू काई चुकीचं नाई सांगतलं. पन तुले विचारलं ते पंचानं नव्हतं विचारलं." त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी लागला. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्हींची खरी उत्तरं मी दिली होती. साक्ष तिथंच संपत होती. पुढचा प्रश्न शेटजींचा होता, त्याचं उत्तर द्यायला मी बांधलेला नव्हतो. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं.

त्यानंतर बाला काडीला मधे उभं राहायला कोणी बोलावलं नाही. ज्याची स्वतःची काडी टिकली नाही त्याला कसं बोलावणार? कोणी अपमान केला नाही. फक्त बोलावणी यायची थांबली. माय एकदा म्हणाली, "आता तरी घरात राह्यतो मानूस." पण ती हे त्याच्यासमोर म्हणाली नाही.

मी यवतमाळला एका कारकुनाच्या दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. त्याचे महिन्याला दहा रुपये मिळत. ते मी मनीऑर्डरनं वणीला पाठवायचो. पोस्टातून पावती यायची तेव्हा मला समाधान वाटायचं. ते खोटं समाधान होतं असं म्हणणार नाही. मी खरंच समजत होतो, की मी बाचं ओझं वाहतो आहे आणि एक दिवस त्याला ते कळेल. सुट्टीत राजूरला गेलो तर तो माझ्याशी नीट बोलायचा. तब्येत विचारायचा, जेवणाचं विचारायचा. मनीऑर्डरीबद्दल त्यानं एकदाही विचारलं नाही.

एका दिवाळीनंतर मी वणीवरून जात होतो. कापसाचे दिवस होते. जिनिंगच्या फाटकाबाहेर बंड्यांची लांब रांग लागली होती. त्यात आमची बंडी दिसली. मी ती उजव्या चाकाच्या एका आऱ्यावरून ओळखली. बानं तिथं बाभळीचा तुकडा ठोकून लोखंडी पट्टी मारली होती. बंडीवर माणूसभर उंच कापूस. त्याच्यावर एक शेतकरी पालथा पडून बिडी ओढत होता.

"कोनाले पाहून राह्यला, बाबू?" त्यानं विचारलं.

"बंडीला," मी म्हणालो. "चांगली आहे."

"लय मजबूत हाय. कोनी ध्यान देऊन ठेवली व्हती. आतमधून पाह्य, कुठं चीर नाई."

मी त्याला विचारायला पाहिजे होतं, की कितीला घेतली. एवढं विचारलं असतं तर शेटजींच्या हिशेबातलं खरं-खोटं मला कळलं असतं. माझ्या तोंडावर तो प्रश्न आला होता. पण विचारावं तर त्याला कशासाठी ते सांगावं लागलं असतं. मी नुसताच उभा राहिलो. रांग पुढं सरकली आणि बंडी गेली.

शेवटचा हप्ता मी स्वतः घेऊन गेलो. तेव्हा माझी बी.ए.ची परीक्षा झाली होती. शेटजींनी मला गादीवर शेजारी बसवलं, आपल्या मुलाच्या नोकरीबद्दल सल्ला विचारला. चिठ्ठी मी मागायच्या आधीच परत दिली. या वेळी मी मागायला तयार होतो.

तिथून सरळ राजूरला गेलो. दुपारची सुट्टी झाली होती. बा भट्टीजवळच्या लिंबाखाली भाकर खाऊन बसला होता. हात कोपरापर्यंत पांढरे. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"काय हाय हे?"

"चिठ्ठी. सगळं मिटलं, बा."

त्यानं ती थोडा वेळ बघितली आणि मला परत दिली. "वाच."

"वाचायचं काय त्यात? मिटलं."

"वाच ना. येवढा शिकला तू. मले ऐकू दे."

मी वाचू लागलो. लिहून देणार, म्हणून माझं नाव. वल्द, म्हणून बाचं नाव. राहणार राजूर. लिहून देतो ऐसा जे, आज रोजी माझ्या घरखर्चाकरिता आपणापासून रोख दोनशे साठ रुपये घेतले, ते मागाल तेव्हा बिनतक्रार परत देईन. एवढं वाचून मी थांबलो. सही करताना मी हे वाचलं नव्हतं. ज्या कागदाला मी सगळ्यांसमोर खरा म्हणालो तोही वाचला नव्हता. दोन्ही वेळा फक्त तिकीट आणि त्याच्यावरची खूण पाहिली होती.

"कोनी घेतले?" बानं विचारलं.

"मी."

"नगद?"

"तसं लिहितात, बा. लिहायची पद्धत असते."

"पन तू घेतले काय?"

"नाही."

त्यानं थोडा विचार केला. "बंडीचं कुठं लिवलं हाय?"

मला माहीत होतं, तरी मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही लिहिलं."

"जोडीचं?"

"नाही."

बानं मान हलवली. तो रागावला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. समोर भट्टीतून धूर निघत होता, त्याकडं बघत तो म्हणाला, "त्या दिवशी तू म्हनला ना, कागद खरा हाय. मले वाटलं, वाचून म्हनला असशीन."

मी चिठ्ठीची घडी घातली.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. माणसं उठू लागली. बाही गुडघ्यावर हात टेकून उठला. चिठ्ठी मी त्याच्यापुढं धरली, म्हटलं, तूच फाड. त्यानं घेतली नाही.

"तुह्यं नाव हाय त्याच्यावर," तो म्हणाला. "ठेव तुह्यापाशी." आणि दगडांच्या ढिगाकडं चालू लागला. थोडं पुढं जाऊन वळला आणि म्हणाला, "घरी जाय. माय वाट पाहून राह्यली. जेवल्याबिगर जाऊ नको."

मी घरी गेलो. मायनं वाढलं, मी जेवलो. तिनं विचारलं, काय म्हणाले बा. मी म्हणालो, काही नाही.